आश्रितांचे व्याकरण : परदेशगमनाच्या मराठी समीक्षेविषयी एक तक्रार

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतून आणि संशोधनकेंद्रांतून 'डायस्पोरा' हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. संशोधनाच्या आराखड्यांत तो असतो, चर्चासत्रांच्या विषयपत्रिकेत असतो, आणि तो आला की त्याच्यामागून 'मुळांपासून तुटणे', 'उपरेपण', 'दुभंगलेली अस्मिता', 'सीमारेषेवरचे अस्तित्व' अशी सारी वरात ठरलेल्या क्रमाने येते. हे शब्द परके आहेत अशी माझी तक्रार नाही. मर्ढेकरांपासून नेमाड्यांपर्यंत सर्वांनीच बाहेरून आणलेल्या हत्यारांनी घरचे काम केले आहे, आणि त्यात गैर काही नाही. माझी तक्रार अशी आहे की या परिभाषेतला परदेशी जाणारा माणूस नेहमी एकटा जातो. त्याच्या हातात एक पेटी असते, मनात आठवणी असतात, आणि आजूबाजूला कोणीही नसते. प्रत्यक्षात नोकरीसाठी परदेशी जाणारा मराठी माणूस एक तर सहकुटुंब जातो किंवा सहकुटुंब जाता येत नाही म्हणून एकटा जातो. दोन्ही परिस्थितींत निर्णायक गोष्ट कुटुंब हीच असते. आमच्या समीक्षेने नेमकी तीच वगळली आहे, आणि ही वगळणूक निरागस नाही.

हे मी मौद्यात बसून लिहितो आहे, याचा उल्लेख अप्रस्तुत नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हानच्या काठी लागणारे हे तालुक्याचे गाव धानाच्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर आहे. २०१२-१३ पासून येथे औष्णिक वीज केंद्र चालू झाले. त्याच्या चार संचांची एकत्रित क्षमता २३२० मेगावॅट आहे. त्याला लागणारे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून येते, आणि त्या जलाशयासाठी ज्यांची गावे उठली त्यांना आमच्या चर्चासत्रांत 'स्थलांतरित' ही पदवी अद्याप मिळालेली नाही. त्यांच्यासाठी 'प्रकल्पग्रस्त' हा वेगळा, महसुली शब्द राखून ठेवलेला आहे. वीज केंद्रामुळे परप्रांतांतली कुटुंबे येथे आली, त्यांची मुले आमच्या मुलांबरोबर शाळेत बसली, आणि याच केंद्राच्या कंत्राटी कामांवर हात बसलेले काही तरुण पुढे आखाताकडे गेले. म्हणजे एकाच गावात येणे, उठवले जाणे आणि जाणे ही तिन्ही रूपे एका वेळी पाहायला मिळतात. येथून पाहिले की डायस्पोराची परिभाषा फार लांबची वाटू लागते. अमेरिका लांब आहे हे त्याचे कारण नव्हे. त्या परिभाषेत रेशनकार्ड नाही, हे आहे.

काही वर्षांपूर्वी मौद्याच्याच एका विद्यार्थिनीने माझ्याकडे संशोधनासाठी विषय मागितला. ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होती, नवरा पदविकाधारक, वीज केंद्रावर एका कंत्राटदाराकडे यंत्रदेखभालीच्या कामावर, मुलगी तिसरीत. मी तिला विषय दिला तो अर्थातच फॅशनमधला : मराठी कथेतील डायस्पोरिक जाणीव. आराखडा मंजूर होण्याच्या सुमारास नवऱ्याला अबू धाबीत नोकरी लागली. तो एकटाच गेला, कारण संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी कमाईची किमान अट आहे : महिन्याला चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय. त्याचा पगार या रेषेच्या थोडा खाली होता. दीड वर्षाने पगारवाढ झाली आणि रेषा ओलांडली गेली, तेव्हा माझी विद्यार्थिनी मुलीला घेऊन निघाली. विवाहनोंदणीचा दाखला, त्यावर राज्य शासनाचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यावर वकिलातीचा. मग तिकडे गेल्यावर आणखी एक. 'सर, माझ्या लग्नावर इतके शिक्के लग्नातही पडले नव्हते,' असे ती हसत म्हणाली होती. मी ते वाक्य विनोद म्हणून ऐकले आणि सोडून दिले.

तिकडून ती मला लांबलचक मजकूर पाठवीत असे. घराविषयी, मुलीच्या शाळेविषयी, दुपारच्या रिकाम्या वेळाविषयी, नवऱ्याच्या बदललेल्या बोलण्याविषयी. एकदा तिने विचारले की यातले काही प्रबंधात घेता येईल का. मी उत्तर दिले की ही साधनसामग्री आहे, साहित्य नव्हे. प्रबंध पुढे राहिलाच. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या विरुद्ध आहे. म्हणजे आधी माझ्याच विरुद्ध आहे.

आता सिद्धान्ताकडे. आमच्या डायस्पोराविषयक लेखनाचे दोन आधारस्तंभ सर्वांना माहीत आहेत : सलमान रश्दींचा १९९१ मधील निबंधसंग्रह आणि होमी भाभांचे १९९४ मधील पुस्तक. या लेखनाचे मोल मी नाकारीत नाही. पण त्याचा केंद्रस्थ अनुभव लेखकाचा आहे, स्मृतीवर उपजीविका करणाऱ्या माणसाचा आहे. ज्याचे कामच कल्पित मायदेश रचण्याचे आहे त्याच्यासाठी दुरावा हे भांडवल असते. पंपावर, रुग्णालयात किंवा संगणकासमोर बारा तास काम करणाऱ्याला आणि त्याच्या घरी बसलेल्या बाईला हे भांडवल वापरता येत नाही. रश्दींनी स्वतःविषयी जे म्हटले ते आम्ही सर्व परदेशस्थांचे मानसशास्त्र म्हणून उचलले, आणि मग ज्या मराठी कथेत ते सापडेल तिला 'डायस्पोरिक' म्हणून गौरवले. कथेने आधीच गृहीत धरलेले तेच तिच्यात सापडल्याचा आनंद साजरा करण्याला संशोधन म्हणणे कठीण आहे.

याला उत्तर म्हणून देशीवाद पुढे येतो. 'टीकास्वयंवर' १९९० मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून आमच्या पिढीने भूमी आणि संस्कृती यांच्या नात्याचा विचार गंभीरपणे केला, त्याचे ऋण मोठे आहे. पण देशीवादाच्या रोजच्या वापरात, म्हणजे परीक्षकांच्या अहवालांत आणि संमेलनांतल्या भाषणांत, परदेशी गेलेल्याविषयी एक सोपा निवाडा तयार झाला : तो गेला, म्हणजे त्याने सोडले. ज्याने सोडले त्याच्या लेखनात भूमी नसणार; असली तर ती फसवी असणार. डायस्पोरावादी त्याच माणसाला नायक करतो, देशीवादी फितूर ठरवतो; पण दोघांनीही एकट्या पुरुषाचेच चित्र समोर ठेवले आहे. त्याच्या मागे किंवा बरोबर असलेली माणसे दोघांच्याही हिशेबात नाहीत. जेव्हा दोन विरोधी पक्षांची चूक एकच निघते तेव्हा ती चूक सिद्धान्तातली नसते, सवयीतली असते.

ही सवय मराठी मध्यमवर्गाला एका अर्थाने रंगभूमीने लावली. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'ने सत्तरच्या दशकात परदेशगमनाकडे पाहण्याची एक जागा निश्चित केली : मागे उरलेल्या वृद्ध आईवडिलांचे घर. ते नाटक प्रभावी आहे यात वाद नाही. पण त्याचे लक्ष इकडच्या घरावर आहे. तिकडचा संसार हा त्या नाटकाचा विषयच नाही, आणि असायला हवा होता असेही मी म्हणत नाही. दोष समीक्षेचा, जिने हा एक दृष्टिकोण सर्वसाधारण नियम करून टाकला. त्यानंतर परदेशस्थ मुलगा म्हणजे पैसे पाठवणारी अनुपस्थिती, आणि त्याची बायको म्हणजे त्या अनुपस्थितीचे कारण, असे समीकरण कितीतरी कथांतून आणि त्यांच्या परीक्षणांतून बिनदिक्कत फिरत राहिले.

विदर्भातल्या समीक्षकाने तरी हे मान्य करायला नको होते, कारण त्याच्यासमोर महेश एलकुंचवारांचे उदाहरण होते. 'वाडा चिरेबंदी'त मुंबईला स्थायिक झालेला सुधीर धरणगावला येतो तो एकटा नव्हे. अंजलीही येते, आणि वाट्याचा प्रश्न, म्हणजे स्थलांतराच्या जमाखर्चाचा प्रश्न, तिच्या बोलण्यातून उभा राहतो. मुंबई परदेश नव्हे, हे खरे. पण कुटुंब हे स्थलांतराचे एकक असते ही समज त्या नाटकात पक्की आहे. पुढे 'युगान्त'मध्ये परदेशातून परतलेला अभय आणि गावातच राहिलेला पराग समोरासमोर बसतात, तेव्हा 'गेलेला' आणि 'राहिलेला' असे दोन पक्ष उरत नाहीत; एका घराची दोन टोके उरतात. आमच्या समीक्षेने या नाट्यत्रयीत सरंजामी वाड्याची पडझड पाहिली. ती आहेच. पण अंजलीला कोणी स्थलांतराची भाष्यकार म्हणून वाचल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. तिला लोभी सून म्हणून वाचणे सोयीचे होते.

आता थोडे मागे जाऊ, कारण या प्रश्नाचा मराठीतला इतिहास न्यू जर्सीत सुरू होत नाही. किंवा सुरू होतो तो फार वेगळ्या तऱ्हेने. १८७८-८० च्या सुमारास गोपाळराव जोशी या टपाल खात्यातील कारकुनाने रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिक्षण मिळावे ही त्या पत्रातली इच्छा सर्वांना ठाऊक आहे. त्याच पत्रव्यवहारात गोपाळरावांनी स्वतःसाठी तेथे योग्य अशी एखादी नोकरी मिळेल का, अशीही विचारणा केली होती, हे मात्र आम्ही विसरतो. म्हणजे अमेरिकेत सहकुटुंब स्थायिक होऊ पाहणाऱ्या नोकरदार मराठी माणसाचा हा एक अगदी आरंभीचा अर्ज आहे, आणि तो नामंजूर झाला. मिशनऱ्याने धर्मांतराची वाट सुचवली; मजकूर त्याच्या नियतकालिकात छापला गेला; तो न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला, आणि तेथून पुढचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे.

१८८३ मध्ये श्रीरामपूरला दिलेल्या इंग्रजी भाषणात आनंदीबाईंनी लोकांच्या प्रश्नांची उत्तरे दिली. त्यातला एक प्रश्न होता, तू एकटी का जातेस. त्यांच्या उत्तराचा आशय असा की दोघांनी बरोबर जाण्याचाच मूळ विचार होता. पण तेवढा पैसा नाही, आणि पतीवर घरच्या माणसांचा भार आहे. एकटीने जाणे ही स्वातंत्र्याची घोषणा नव्हती, ती कौटुंबिक अंदाजपत्रकातली तडजोड होती. काशीबाई कानिटकरांच्या चरित्रापासून श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीपर्यंत आनंदीबाईंचे अनेक अवतार झाले, आणि प्रत्येकात एकटेपणाला तेज चढत गेले. त्यांच्या धैर्याचे मोल मी तसूभरही कमी करू इच्छीत नाही. उलट ते धैर्य कशाच्या विरुद्ध होते हे नेमके कळायचे असेल तर ते भाषण आणि तो नोकरीचा अर्ज एकत्र वाचले पाहिजेत. मराठी समीक्षेने एकाचे भक्तिपर स्मरण केले आणि दुसरा टपालात राहू दिला.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती. रमाबाई विधवा होत्या, आई होत्या आणि लवकरच नोकरदारही झाल्या : चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत. म्हणजे मूल कडेवर घेऊन परदेशी गेलेली, तेथे अध्यापन करणारी ही मराठी स्त्री आहे. त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे मुळात पत्र. १८८९ च्या अमेरिकाविषयक ग्रंथात शासनव्यवस्थेपासून स्त्रियांच्या संस्थांपर्यंत एका समाजाची तपासणी आहे. दोन्ही पुस्तके आमच्या प्रवासवर्णनाच्या इतिहासात असतात. पण परदेशी वाढणाऱ्या मुलाचा प्रश्न या ग्रंथांच्या केंद्रस्थानी नाही, तो अ. भि. शहांनी संपादित केलेल्या, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात आहे. मनोरमेला कोणता धर्म कसा शिकवायचा, ते ठरवण्याचा अधिकार आईचा की तिला आश्रय देणाऱ्या संस्थेचा, यावरून वॉन्टेजच्या अँग्लिकन भगिनी आणि रमाबाई यांच्यात झालेला संघर्ष वाचावा. आश्रय देणारा आश्रितेच्या मुलावर हक्क सांगतो, आणि ती विद्वान बाई अत्यंत नेमक्या शब्दांत तो नाकारते. परदेशस्थ मराठी कुटुंबाविषयी याहून तीक्ष्ण गद्य मला माहीत नाही. ते इंग्रजीत आहे म्हणून मराठीचे नाही, आणि पत्रांत आहे म्हणून साहित्य नाही! मी माझ्या विद्यार्थिनीला दिलेले उत्तर हेच होते, फक्त शंभर-सव्वाशे वर्षांनी दिलेले.

मूळ 'डायस्पोरा' या शब्दाकडेही जरा पाहू. हा ग्रीक शब्द ज्या समाजाच्या इतिहासाशी सर्वांत घट्ट जोडला गेला तो ज्यू समाज. आणि मराठी बोलणारा ज्यू समाज, बेने इस्राएल, कोकणात शतकानुशतके राहिला. १९४८ नंतर त्यातली बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेली. धार्मिक कल्पनेप्रमाणे त्यांचा डायस्पोरा तेथे संपला. भाषेच्या दृष्टीने त्याच दिवशी सुरू झाला. काही कुटुंबांनी तिकडच्या वागणुकीविरुद्ध निदर्शने केली आणि १९५२ मध्ये त्यांना भारतात परत आणण्यात आले. साठच्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी आवश्यक ठरवली, आणि ते पूर्णार्थाने ज्यू आहेत हे मान्य व्हायला १९६४ साल उजाडले. येथेही प्रश्न एकट्या व्यक्तीच्या दुभंगलेल्या जाणिवेचा नव्हता. कोणाचे लग्न कोणाशी लागू शकते, हा होता. या समाजाने इस्राएलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले. डायस्पोरा हा शब्द ज्याला अक्षरशः लागू पडतो असा हा मराठी समाज असताना आमच्या आराखड्यांत त्याला जागा नसावी, यावरून तो शब्द आम्ही संकल्पना म्हणून वापरतो की अत्तर म्हणून, याचा अंदाज येतो.

मॉरिशसचे नाव तरी संमेलनांच्या निमित्ताने निघते. एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांची रोजची भाषा क्रिओल झाली. मराठी भजनांत, गणेशोत्सवात, झाकरीत आणि शाळेतल्या तासिकेत उरली. आखातात गेलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांचे तर नावही निघत नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरल्यानंतरही 'परदेशस्थ मराठी लेखन' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो उत्तर अमेरिकेतला अभियंताच. विश्व मराठी साहित्य संमेलन २००९ मध्ये सॅन होजेला आणि त्यानंतर दुबईला भरले. दोन्ही ठिकाणी मराठी माणसे कोणत्या कायद्याखाली राहतात हा फरक मात्र साहित्यबाह्य मानला गेला. दिलीप चित्रे साठच्या दशकाच्या आरंभी पत्नीसह इथिओपियात शिक्षकाच्या नोकरीवर गेले, त्यांचा मुलगा तेथेच जन्मला, 'शिबा राणीच्या शोधात' हे पुस्तक त्या वास्तव्यातून आले. आमच्या एवढ्या मोठ्या कवीच्या आयुष्यातला हा सहकुटुंब परदेशवास आफ्रिकेतला आहे म्हणून डायस्पोरात बसत नाही की काय, कोण जाणे.

कायदा साहित्यबाह्य आहे असे मानणाऱ्यांसाठी एका मराठी शब्दाकडे लक्ष वेधतो. जुन्या मराठीत 'कुटुंब' म्हणजे बायको. 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे वाक्य आजोबांच्या पिढीत सहज बोलले जाई. लग्नपत्रिकेत म्हणूनच 'सहकुटुंब सहपरिवार' असे दोन शब्द लागतात. व्हिसाच्या अर्जाला यातला पहिलाच शब्द कळतो : बायको आणि अविवाहित मुले. परिवार, म्हणजे आई, वडील, विधवा आत्या, धाकटा भाऊ, सीमेवरच गळतो. 'संध्याछाया'तल्या म्हाताऱ्यांच्या एकाकीपणाचे एक कारण मुलांच्या काळजात शोधले गेले. दुसरे कारण या अर्जाच्या रकान्यात होते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने तात्पुरत्या कुशल कामगारांचा आजचा व्हिसा अस्तित्वात आला, आणि त्यांच्या पत्नींना, ज्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापिका होत्या, २०१५ पर्यंत त्या आश्रित दर्जावर नोकरी करण्याची मुभा नव्हती. २०१५ मध्ये मिळाली तीही फक्त काहींना. ब्रिटनने मार्च २०२४ पासून शुश्रूषेच्या कामासाठी येणाऱ्या नव्या परदेशी सेवकांना कुटुंब आणण्यास मनाई केली : आमच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला या, तुमची मुले तिकडे ठेवा. आपल्याकडच्या १९८३ च्या कायद्यानेही दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर वेगळी नोंद ठेवली आणि आखातात घरकामाला जाणाऱ्या स्त्रीसाठी तिशीची अट घातली. कोणाचे कुटुंब बरोबर जाईल, कोणाचे मागे राहील, कोणती बाई कमावती आणि कोणती आश्रित, हे ठरवणारी ही संहिता आहे. जिला आम्ही पात्रांची 'अस्तित्वगत पोकळी' म्हणतो ती पुष्कळदा या संहितेतल्या एका कलमाने पाडलेली असते. कथेतली नायिका खिडकीशी बसून बर्फाकडे पाहते, आणि समीक्षक तिच्या डोळ्यांत मायदेशाची ओढ वाचतो. तिच्यापाशी काम करण्याचा परवाना नाही, हे त्याला दिसत नाही. लेखिकेने लिहिलेले असले तरी दिसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येईल की ही समीक्षा नव्हे, समाजशास्त्र आहे. साहित्यकृतीच्या रूपाविषयी यातून काय कळते? आक्षेप रास्त आहे आणि त्याला रूपाच्याच पातळीवर उत्तर दिले पाहिजे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आपण'मध्ये ऐकणारा सामील असतो, 'आम्ही'मध्ये तो बाहेर राहतो. इंग्रजीला ही सोय नाही; म्हणून इंग्रजीतून आलेल्या सिद्धान्ताला येथे काही शोधायचे आहे हेच ठाऊक नाही. परदेशस्थाच्या मराठीत सर्वाधिक ताण या सर्वनामांवर पडतो. 'आपल्याकडे' हा शब्द घ्या. नुकताच गेलेला माणूस 'आपल्याकडे' म्हणतो तेव्हा तो मौद्याविषयी बोलत असतो. काही वर्षांनी तोच शब्द तिकडच्या गावाविषयी येऊ लागतो, आणि मौद्यासाठी 'तिकडे' येते. मग वाचणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते की कोणते 'आपण' चालू आहे. मुलाच्या तोंडी 'तुमच्याकडे' येते. हा बदल एका घरातल्या सर्वांच्या बाबतीत एका वेळी होत नाही. बाप, आई, मूल आणि मागे राहिलेली आजी चार वेगवेगळ्या सर्वनामांत राहतात, आणि त्यांच्यातला संवाद म्हणजे या सर्वनामांची रोजची वाटाघाट असते. कथेचा निवेदक यातल्या कोणाचे 'आपण' स्वीकारतो, यावर तिचे सारे रूप ठरते. एकट्या नायकाची जाणीव गृहीत धरणाऱ्या समीक्षेला ही वाटाघाट ऐकूच येत नाही, कारण एकट्या माणसाला 'आपण' म्हणायला कोणी नसते.

हे मला सिद्धान्तातून सुचलेले नाही. माझ्या विद्यार्थिनीचा जुना मजकूर मी अलीकडे पुन्हा काढला तेव्हा ध्यानात आले. पहिल्या काही महिन्यांत 'आपल्याकडे धानाची रोवणी झाली असेल' असे आहे. दुसऱ्या वर्षी एका जागी 'आमच्याकडे शाळा सकाळी लवकर भरते' असे वाक्य आहे, आणि तेथे 'आमच्याकडे' म्हणजे अबू धाबी. मी मौद्यात बसलेला, म्हणून तिच्या 'आम्ही'च्या बाहेर गेलो होतो. तिला ते कळले होते की नाही, माहीत नाही. त्याच मजकुरात नवरा मात्र अजून 'आपल्याकडे'च म्हणतो, असे तिने नोंदवले आहे, आणि पुढे लिहिले आहे की दिवसभर बाहेर असणाऱ्याला गाव टिकवता येते, घरात असणाऱ्याला नाही. घरातल्याला नळवाला, शाळेची बस आणि शेजारीण यांच्याशी रोज बोलावे लागते. स्थलांतरित पुरुषाचा स्मृतिकातरपणा आणि त्या स्मृतीसाठी लागणारी फुरसत यांच्या संबंधाविषयी इतके नेमके निरीक्षण मी सिद्धान्तग्रंथांत वाचलेले नाही. मी त्याला साधनसामग्री म्हटले होते.

तिने पाठवलेल्या कागदांत मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची एक प्रत होती. तिकडच्या प्रवेशासाठी तिचे भाषांतर करायचे होते आणि एका शब्दाबद्दल तिला शंका होती. दाखल्यावर 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. त्यात 'मराठी' लिहिलेले. त्याच्या खाली काही ओळींनंतर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना. त्यात 'पालकांचे स्थलांतर'. तिचा प्रश्न होता की 'पालकांचे' हे अनेकवचन आदरार्थी समजायचे की खरे. म्हणजे बाप एकटा की दोघे. तिच्या मते ते चुकीचे होते, कारण स्थलांतर बापाचे झाले होते. ती स्वतः गेली नव्हती, तिला नेले होते. आणि मुलीचे तर त्या वाक्यात नावच नव्हते, तिने फक्त शाळा सोडली होती. मी तिला तांत्रिक सल्ला दिला, अनेकवचनच लिही. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला विचारला गेलेला हा बहुधा सर्वांत गंभीर व्याकरणविषयक प्रश्न होता.

परदेशस्थांच्या लेखनावरच्या अभ्यासपत्रिका आता विद्यापीठांतून होऊ लागल्या आहेत, पुढेही होतील. त्या करणाऱ्यांपुढे माझी सूचना साधी आहे. गोपाळरावांचा नोकरीविषयक पत्रव्यवहार, आनंदीबाईंचे श्रीरामपूरचे भाषण, रमाबाईंची मनोरमेविषयीची पत्रे, 'मायबोली'चे अंक आणि 'वाडा चिरेबंदी' हे साहित्य त्यात नेमावे. इंग्रजीतले आहे ते मराठीत आणण्याचे काम विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे, म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण' यांपैकी एकाची निवड प्रत्येक वाक्यात त्यांना करावी लागेल. रश्दी आणि भाभा पूरक वाचनात ठेवायला हरकत नाही. ज्यांना हे साहित्य वाटत नाही त्यांनी आपली कारणे याच पानांवर लेखी द्यावीत. माझ्या विद्यार्थिनीला मी कळवले आहे की तिचा विषय बदलून घेता येईल. तिचे उत्तर आले की नोंदणीची मुदत संपून गेली आहे, आणि मुलगी आता सातवीत आहे.